किराणा, भाजी आणि दूध घरात घेताना: काय धुवावे आणि काय सोडून द्यावे?

निळी छत्री, पुणे | २९ मार्च २०२०

२५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली असली तरी किराणा, भाजीपाला, दूध आणि औषधे यांची दुकाने उघडी आहेत, आणि त्यामुळे घराबाहेर पडण्याचे आपल्यापैकी बहुतेकांचे एकमेव निमित्त आता खरेदी हेच उरले आहे. या खरेदीसंबंधी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांत दुधाची पिशवी जंतुनाशकाच्या पाण्यात तासभर बुडवण्यापासून नोटांवर गरम इस्त्री फिरवण्यापर्यंत सर्व प्रकारचे सल्ले आहेत. त्यांपैकी कशाला आधार आहे आणि काय केवळ भीतीतून आले आहे, हे एका ठिकाणी तपासून पाहावे, या हेतूने हा धागा काढत आहे. आमच्या घरात मधुमेह असलेल्या वयस्कर सासूबाई आहेत, त्यामुळे निष्काळजीपणा परवडणारा नाही. मात्र प्रत्येक खरेदीनंतर अर्धा दिवस पुड्या पुसत बसणे हेही महिनोन्‌महिने निभणारे नाही.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने १७ मार्च रोजी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोरोनाचा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टेनलेस स्टील यांवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांच्या आत आणि तांब्यावर ४ तासांच्या आत जिवंत सापडला. हे आकडे सर्वत्र फिरत आहेत, पण त्याच प्रयोगातला दुसरा भाग कोणी पुढे पाठवत नाही. ७२ तास सापडतो म्हणजे ७२ तास तितकाच प्रबळ राहतो असे नव्हे. प्लॅस्टिकवर सुमारे ६.८ तासांत आणि स्टीलवर सुमारे ५.६ तासांत त्याचे प्रमाण निम्मे होते, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीवर एक दिवस उलटल्यानंतर मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच तो उरतो. कोरोनाची साथ पसरलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' या प्रवासी जहाजाच्या खोल्यांत प्रवासी उतरून गेल्यावर १७ दिवसांपर्यंत विषाणूचे अंश मिळाले, ही बातमीही अशीच अर्धवट सांगितली जाते. तेथे मिळाले ते विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे जनुकीय द्रव्याचे, अवशेष; संसर्ग घडवू शकेल असा विषाणू तेथे होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

शिवाय पिशवीवरचा विषाणू स्वतःहून उठून नाकात जात नाही. त्याला आपला हात लागतो, आणि तो हात चेहऱ्याकडे जावा लागतो. म्हणून आमच्या घरात ठरवलेला क्रम हातांभोवती बांधला आहे. खरेदीला एकच व्यक्ती जाते, तीही यादी घेऊन. परतल्यावर पिशव्या दाराशी ठेवून सर्वप्रथम साबणाने २० सेकंद हात धुते. साखर, डाळी, साबण, काडेपेट्या असे न नासणारे सामान एका कोपऱ्यात दोन-तीन दिवस तसेच राहू देतो. दूध, भाजी, फळे लगेच धुतो, त्यानंतर पुन्हा हात धुतो आणि शेवटी ओटा व दाराची कडी पुसतो.

माझे प्रश्न असे आहेत: फळे आणि भाज्या साबणाने धुवाव्यात का? मेथी-कोथिंबिरीचे काय करावे? आणि बाजारात मिळणारे ब्लीच घरात वापरायचे झाल्यास त्याचे प्रमाण काय असावे?

तळटीप, नाशिक | ३० मार्च २०२०

निळी छत्री, आपण काढलेला धागा आवश्यक होता. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे वैद्यकीय भाग जाणकारांवर सोपवून केवळ धुण्याच्या द्रव्यांविषयी लिहितो.

या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. तुपकट कढईवर साबण जे काम करतो तेच तो या आवरणावर करतो, आणि आवरण फाटले की विषाणू निकामी होतो. त्यासाठी 'जंतुनाशक' असे लिहिलेला महाग साबण लागत नाही. कपड्यांची वडीही चालते. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल हवे, आणि ते जेथे नळ नाही तेथे वापरण्याची वस्तू आहे. घरात पाणी असताना त्याच्या बाटल्यांसाठी धावपळ करण्याचे कारण नाही. सरकारने २१ मार्चपासून २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपये ही कमाल मर्यादा घातली आहे, तेव्हा अधिक किंमत मागितली तर ती देऊ नये. आणखी एक सूचना: सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी गॅस पेटवू नये. अल्कोहोलची ज्योत उजेडात पटकन दिसतही नाही.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. आपल्याकडच्या बाटल्यांत ते बहुधा ४ ते ५ टक्के असते. बाटलीवर वाचून घ्यावे. दाराच्या कड्या, बटणे, ओटा यांसाठी ०.१ टक्क्याचे द्रावण पुरेसे असते. मूळ द्रावण ५ टक्के असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, ४ टक्के असेल तर २५ मिलिलिटर घ्यावे. पाणी थंडच असावे, खिडकी उघडी असावी आणि द्रावण रोज नवे करावे, कारण ते साठवणीत निकामी होत जाते. संडास स्वच्छ करण्याच्या ॲसिडात ब्लीच कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. अधिक द्रव्ये एकत्र केल्याने अधिक स्वच्छता होते, हा समज सध्या विषाणूइतकाच घातक आहे, असे मी विद्यार्थ्यांना फोनवरून पुन्हा पुन्हा सांगत आहे.

फळे-भाज्यांना साबण लावू नये. सालीतल्या आणि पानांतल्या बारीक छिद्रांत तो राहतो, पूर्ण निघत नाही, आणि पोटात गेल्यास मळमळ व जुलाब होतात. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणे हेच योग्य. मीठ, हळद, व्हिनेगर किंवा खाण्याचा सोडा यांच्या पाण्याने या विषाणूविरुद्ध काही साधते, असे मानण्यास आधार नाही. दूध आपण उकळतोच. पिशवी मात्र कापण्यापूर्वी बाहेरून साबणाने धुवावी, कारण ती ओली, थंड आणि अनेक हातांतून नुकतीच आलेली असते.

वाणीआळी, सातारा जिल्हा | १ एप्रिल २०२०

आपण सारे गिऱ्हाईक म्हणून लिहीत आहात. मी गल्ल्याच्या अलीकडे उभा असतो, तेव्हा दुकानातून काय दिसते तेही सांगतो.

बंद पुड्यांतला माल कारखान्यातून निघून घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात आणि तेथून माझ्या माळ्यावर येईपर्यंत कित्येक दिवस गेलेले असतात. त्या प्रवासातल्या विषाणूची चिंता करू नये. पण ती पुडी आपल्या पिशवीत टाकणारा हात माझा असतो, आणि माझ्या हाताने त्याआधीच्या माणसाचे पैसे घेतलेले असतात. त्यामुळे दिवस मोजायचे तर शेवटच्या हातापासून मोजावेत. सुट्या तांदळाचे आणि डाळींचे तसेच आहे. पोत्यात हात घालून दाणे दाताखाली चावून पाहण्याची सवय आमच्याकडच्या गिऱ्हाइकांना जुनी आहे. पोत्यांसमोर बाक आडवे टाकून मी ती सध्या बंद केली आहे.

दुकानापुढे चुन्याने चौकोन आखले आहेत. पहिल्या दिवशी लोक त्यांत उभे राहिले, आता चौकोन राहिले आणि लोक गल्ल्यापाशी. खरी अडचण येथे आहे. एकजण काय हवे ते आठवत उभा राहतो, त्याच्या मागे पाचजण त्याच्या खांद्यावरून डोकावून भाव विचारतात, आणि त्यातला एखादा खोकतो. घरी जाऊन साखरेची पिशवी तीनदा धुतल्याने हा खोकला धुतला जात नाही. म्हणून माझी विनंती आहे की यादी आदल्या रात्री फोनवर किंवा कागदावर पाठवावी, सामान बांधून तयार ठेवण्याची वेळ विचारून घ्यावी, पैसे शक्यतो फोनवरून द्यावेत आणि रोख द्यायची असेल तर नेमकी आणावी. सुट्या पैशांच्या देवघेवीत जितके हात एकमेकांना लागतात तितके सामानात लागत नाहीत.

सांजपाऊल, डोंबिवली | ४ एप्रिल २०२०

तिघांचेही लेखन उपयुक्त आहे, परंतु सामान तीन दिवस ठेवण्यासाठी वेगळा कोपरा ही गोष्ट आमच्यासारख्यांच्या घरात नसते. एका खोलीत स्वयंपाक, झोपणे आणि मुलांचा अभ्यास चालतो, पाणी सकाळी ठरावीक वेळच येते आणि पिंपात भरून ते दिवसभर पुरवायचे असते. माझी बहीण लालबागच्या चाळीत राहते. तेथे मजल्यावरील सर्वांचा नळ आणि संडास सामाईक आहेत. अशा ठिकाणी प्रत्येक वांगे वाहत्या पाण्याखाली धुवा असे सांगणे म्हणजे सांगणाऱ्याचे समाधान. ज्यांच्याकडे जागा नाही आणि पाणीही मोजके आहे, त्यांनी यांतले नेमके काय करावे आणि काय वगळावे, हे कोणी क्रमाने सांगू शकेल का?

निळी छत्री, पुणे | ५ एप्रिल २०२०

सांजपाऊल, आपला प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते, कारण तो आपल्याला प्राधान्य ठरवायला लावतो.

पाणी मोजके असेल तर ते आधी हातांसाठी राखून ठेवावे. सामान आणणाऱ्याने आल्याबरोबर, आणि स्वयंपाक करणाऱ्याने भाजी चिरण्यापूर्वी, असे दोन वेळचे हात धुणे कोणत्याही कारणाने चुकवू नये. त्याला तांब्याभर पाणी पुरते. जी भाजी शिजणार आहे तिची चिंता कमी करावी. 'लॅन्सेट मायक्रोब'मध्ये २ एप्रिल रोजी आलेल्या निष्कर्षांनुसार ७० अंश सेल्सियसला हा विषाणू ५ मिनिटांत निष्क्रिय होतो, आणि आपली आमटी, उसळ, भात हे त्याहून अधिक तापमानाला त्याहून अधिक वेळ शिजतात. म्हणजे उरलेले पाणी काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, केळी, द्राक्षे अशा कच्च्या खाण्याच्या वस्तूंवर खर्च करावे. एका परातीत बुडवून चोळावे, दुसऱ्या पाण्यात खंगाळावे आणि ते दुसरे पाणी फरशी पुसण्यास वापरावे. किराण्याच्या पुड्यांसाठी वेगळा कोपरा नसल्यास दाराच्या आतल्या खुंटीला टांगलेली कापडी पिशवी पुरते. तेही शक्य नसेल तर जिन्नस डब्यात ओतावेत, रिकामी पिशवी टाकून द्यावी आणि हात धुवावेत, म्हणजे पुडी पुसण्याचा प्रश्नच उरत नाही.

याच निष्कर्षांत एक सावधगिरीची बाब आहे. ४ अंश तापमानाला ठेवलेला विषाणू १४ दिवसांनंतरही फारसा घटलेला नव्हता. तेव्हा न धुतलेली फळे फ्रीजमध्ये ठेवून दिली म्हणजे ती आपोआप निर्धोक झाली, असे समजू नये. जी वस्तू काही दिवस नुसती ठेवायची ती फ्रीजबाहेर ठेवावी, आणि फ्रीजमध्ये जायची ती धुऊन, निथळून जावी. मेथी-कोथिंबीर निवडून, ज्या दिवशी वापरायची त्याच दिवशी धुवावी. धुऊन ओली ठेवलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि तिच्यासाठी पुन्हा बाजारात जावे लागते.

सामाईक नळाविषयी: तेथे जाताना नाकातोंडावर कापड बांधावे, गर्दी नसलेली वेळ मजल्यावरील कुटुंबांनी आपसांत वाटून घ्यावी, आणि नळाची तोटी हाताळल्यावर हात धुवावेत. त्या नळाशी रोज घडणाऱ्या भेटीगाठी भाजीपेक्षा अधिक धोक्याच्या आहेत.

हडसनकाठ, न्यू जर्सी | १४ एप्रिल २०२०

येथेही चर्चा हीच आहे, फक्त घरे मोठी आहेत. एका डॉक्टरांची चित्रफीत मार्चअखेर कोट्यवधी लोकांनी पाहिली. तीत सामान तीन दिवस गॅरेजमध्ये ठेवा, प्रत्येक वेष्टन पुसा आणि फळे साबणाच्या पाण्यात धुवा असे सांगितले होते. अन्नशास्त्राच्या जाणकारांनी साबणाच्या सल्ल्यावर लगेच आक्षेप घेतला. अन्न व औषध प्रशासनाची येथली जुनी सूचना नुसत्या वाहत्या पाण्याचीच आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर घरून आणलेल्या कापडी पिशव्यांवर २५ मार्चपासून बंदी घातली. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर अंगवळणी पडलेली कापडी पिशवी आता संशयित ठरू नये, असे मला मनापासून वाटते. ती धुता येते, उन्हात वाळवता येते.

अनेक दुकानांनी सकाळचा पहिला तास वृद्धांसाठी राखून ठेवला आहे. ही कल्पना आपल्याकडच्या पेठांत सहज अमलात येण्यासारखी आहे.

तळटीप, नाशिक | २० एप्रिल २०२०

काही सोसायट्यांच्या आणि बाजारांच्या दारात निर्जंतुकीकरणाचे बोगदे उभारून त्यातून माणसांना त्यांच्या पिशव्यांसकट नेले जात होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल रोजी त्याविरुद्ध स्पष्ट सूचना काढली आहे. अंगावर हायपोक्लोराइट फवारल्याने डोळे, त्वचा आणि श्वसनमार्ग यांना इजा होऊ शकते, आणि ज्याच्या शरीरात विषाणू आधीच गेला आहे त्याचा तो त्यामुळे नाहीसा होत नाही. भाजीच्या पिशव्यांवर असा फवारा बसला असेल तर ती भाजी दोन-तीन पाण्यांनी धुऊनच वापरावी.

निळी छत्री, पुणे | १२ मे २०२०

नवी मुंबईची वाशी येथील कृषी उत्पन्न बाजार समिती ११ ते १७ मे या काळात बंद ठेवण्याचा निर्णय झाला आहे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशी तेथली पाचही आवारे बंद आहेत. मुंबई आणि उपनगरांचे पोट ज्या बाजारावर चालते तो बंद झाल्याने 'भाजीतून कोरोना आला' असे संदेश कालपासून सुरू झाले आहेत.

मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. पहाटे ट्रक लागतात, माथाडी कामगार खांद्याला खांदा लावून गोणी उतरवतात, अडते आणि किरकोळ विक्रेते एकाच गाळ्यात घोळका करून मोठ्या आवाजात भाव ठरवतात, आणि तेच लोक पुन्हा शहरभर पांगतात. त्या गर्दीतल्या माणसांना माणसांपासून संसर्ग झाला, हे समजण्यासाठी दुधी भोपळ्याला दोषी धरण्याची गरज नाही. ज्यांनी आपल्यासाठी ही गर्दी पत्करली त्यांच्याकडे आता संशयाने पाहिले जात आहे, भाजीवाल्याला सोसायटीच्या फाटकातून हाकलले जात आहे. स्वच्छतेच्या नावाखाली चाललेला हा प्रकार मला अत्यंत खटकतो. फाटकाबाहेर त्याची हातगाडी उभी करून, त्याला साबण आणि पाणी उपलब्ध करून देऊन, इमारतीनुसार वेळा ठरवून भाजी घेता येते. आमच्या सोसायटीत तेच केले आहे, आणि टोपलीतली भाजी निवडण्याचा हट्ट सर्वांनी सोडला आहे. विक्रेता देईल ते घ्यावे; चार टोमॅटो मऊ निघाले तर त्यांचे सार करावे.

कौलारू, कोल्हापूर | १८ मे २०२०

मी बराच काळ हा धागा केवळ वाचत होतो. माझा मुद्दा साधा आहे: धोका कमी आहे असे समजले तरी सर्व काही धुण्याने तोटा काय होणार? आमच्याकडे प्रत्येक पुडी साबणाच्या फडक्याने पुसली जाते, भाजी दोनदा धुतली जाते, आणि वर्तमानपत्र तर बंदच केले आहे. अती काळजीने कोणी आजारी पडत नाही.

तळटीप, नाशिक | ८ जून २०२०

कौलारू यांच्या प्रश्नाला आता आकड्यांत उत्तर देता येते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मे महिन्यात ५०२ प्रौढांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष या आठवड्यात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ३९ टक्के लोकांनी कोरोनाच्या भीतीने किमान एक धोकादायक प्रकार केला होता आणि १९ टक्के लोकांनी फळे, भाज्या किंवा इतर अन्न ब्लीचने धुतले होते. काहींनी घरातल्या जंतुनाशकांच्या गुळण्या केल्या होत्या. त्या देशातील विषबाधा केंद्रांकडे जानेवारी ते मार्च या काळात स्वच्छताद्रव्यांसंबंधी आलेले दूरध्वनी मागील वर्षाच्या त्याच काळापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी वाढले होते. तेव्हा अती काळजीने माणसे आजारी पडतात.

साबणाच्या फडक्याने पुडी पुसण्यात असा धोका नाही, हे मान्य आहे. पण हे काम घरात कोण करते, हेही पाहावे. माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत ते एकाच बाईच्या वाट्याला आले आहे, आणि तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. फाटलेल्या त्वचेवर साबण झोंबतो, मग हात धुण्याचा कंटाळा येतो, आणि ज्या एका गोष्टीचा खरा उपयोग होता तीच मागे पडते. हात धुतल्यावर खोबरेल तेल लावावे आणि पुड्यांचे काम कमी करावे.

कापडी पिशव्यांविषयी एक नवी माहिती आहे. मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्टीलवरच्या लाळेसदृश थेंबांतील विषाणू उन्हाळी उन्हाइतक्या तीव्रतेच्या कृत्रिम सूर्यप्रकाशात दर ७ मिनिटांच्या सुमारास ९० टक्क्यांनी घटत गेला. कापडावर नेमका तोच वेग मिळेल असे नाही, परंतु धुतलेली पिशवी गच्चीवर उलटी करून वाळत घालावी. सध्याच्या पावसाळी हवेत तीन-चार पिशव्या आलटून पालटून वापरणे सोयीचे होईल.

निळी छत्री, पुणे | १९ जुलै २०२०

या महिन्यात दोन गोष्टी एकमेकींच्या जवळपास घडल्या. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने फळे-भाज्यांविषयी सूचना दिल्या: पिशवी घरात एका ठरलेल्या जागी बाजूला ठेवावी, पिण्यायोग्य पाण्याने धुवावे, कोमट पाण्यात ५० पीपीएम क्लोरीन वापरून त्यात बुडवावे, आणि साबण किंवा जंतुनाशक फडकी वापरू नयेत. दुसरीकडे 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये इमॅन्युएल गोल्डमन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी असे मांडले की पृष्ठभागांवरील प्रयोगांत विषाणूची जी प्रचंड मात्रा वापरली गेली ती प्रत्यक्ष जीवनात खोकल्याच्या थेंबांतून पडणाऱ्या मात्रेशी मिळतीजुळती नाही, आणि वस्तूंमार्फत संसर्गाचा धोका फुगवून सांगितला जात आहे. ९ जुलै रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही बंद, गर्दीच्या, हवा न खेळणाऱ्या जागी हवेतून प्रसाराची शक्यता नाकारता येत नाही असे मान्य केले.

मी या दोन्हींचा मेळ असा घालते. भाजी धुणे ही आपली सवय या महामारीआधीची आहे, आणि पावसाळ्यात कावीळ, विषमज्वर, जंतांची अंडी, कीटकनाशकांचे अंश अशी तिची स्वतंत्र, पक्की कारणे आहेत. ती सवय कोरोनाशी जोडू नये आणि कोरोनासोबत सोडूही नये. पुड्या पुसणे मात्र आम्ही थांबवत आहोत, आणि त्यातून वाचलेले लक्ष दुकान निवडण्याकडे देणार आहोत. दारे-खिडक्या बंद असलेल्या वातानुकूलित मोठ्या दुकानापेक्षा रस्त्यावर उघडणारे छोटे दुकान बरे, संध्याकाळच्या गर्दीपेक्षा दुपारची निवांत वेळ बरी, आणि विक्रेत्याची मुसकी (मास्क) हनुवटीवर असेल तर ती वर घेण्याची त्याला विनंती करण्यात संकोच नको.

तळटीप, नाशिक | २० जुलै २०२०

५० पीपीएम म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. ५ टक्क्यांच्या द्रावणाचे एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात टाकले की इतके होते. मात्र फरशीसाठीच्या सुगंधी ब्लीचने हा प्रयोग करू नये. खात्री नसेल तर साधे स्वच्छ पाणी वापरावे, आणि क्लोरीन वापरलेच तर त्यानंतर पुन्हा पिण्याच्या पाण्याने खंगाळावे.

वाणीआळी, सातारा जिल्हा | २२ ऑक्टोबर २०२०

चीनमधील चिंगदाओ येथे गोठवलेल्या मासळीच्या वेष्टनावर जिवंत विषाणू मिळाल्याची बातमी आल्यापासून गिऱ्हाईक आइस्क्रीम आणि गोठवलेले वाटाणे यांविषयी विचारत आहेत. दिवाळी तोंडावर आली आहे आणि रव्या-बेसनाच्या पिशव्या पुन्हा धुतल्या जातील अशी मला भीती वाटते.

तळटीप, नाशिक | २२ ऑक्टोबर २०२०

ती घटना बंदरावरच्या, शीतसाखळीतल्या गोठलेल्या मालाची आणि तो सतत हाताळणाऱ्या कामगारांची आहे. रवा आणि बेसन तुमच्या माळ्यावर उष्ण, कोरड्या हवेत पडून असतात. वाटाण्याचे पाकीट हाताळल्यावर हात धुवावेत. वाटाणे शिजणारच आहेत.

सांजपाऊल, डोंबिवली | २१ एप्रिल २०२१

धागा वर आणत आहे, कारण परिस्थिती गेल्या वर्षाहून बिकट आहे. राज्यात रोज ६० हजारांच्या आसपास नवे रुग्ण सापडत आहेत आणि काल रात्रीपासून किराणा व भाजीची दुकाने केवळ सकाळी ७ ते ११ उघडी ठेवण्याचा आदेश लागू झाला आहे. आज सकाळी आमच्या बाजारात दिवसभराची गर्दी चार तासांत गोळा झाली होती. त्यातच आमच्या शेजारच्या घरात दोघे बाधित आहेत आणि त्यांचे सामान मी आणून देते. त्यांच्या दाराशी देवघेव करताना कोणती काळजी घ्यावी?

निळी छत्री, पुणे | २१ एप्रिल २०२१

सांजपाऊल, अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने ५ एप्रिल रोजी दिलेल्या अंदाजानुसार दूषित पृष्ठभागाला एकदा स्पर्श केल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारण १० हजारांत एकाहूनही कमी आहे. तेव्हा शेजाऱ्यांचे सामान आणताना आपला मुख्य धोका त्यांच्या दाराशी नसून त्या चार तासांच्या गर्दीत आहे, हे लक्षात घेऊन नियोजन करावे. आदेशात घरपोच सेवेला रात्री ८ पर्यंत मुभा आहे. दोन्ही घरांची यादी एकत्र करून दुकानदाराला आदल्या दिवशी द्यावी आणि सामान इमारतीखाली मागवावे, म्हणजे ७ ते ११ च्या रांगेत उभे राहण्याची वेळ येणार नाही. भाजीही तशीच एकदम, चार-पाच दिवसांची घ्यावी: आधी पालेभाजी, मग भेंडी-वांगी, शेवटी भोपळा, कोबी, बटाटा या क्रमाने संपवता येईल अशी.

शेजाऱ्यांच्या दाराबाहेर एक स्टूल ठेवावे. आपण सामान ठेवून, बेल वाजवून जिन्याच्या वळणापर्यंत मागे यावे, आणि त्यानंतरच त्यांनी मुसकी लावून दार उघडावे. चाळीच्या किंवा इमारतीच्या बंद जिन्यात उभे राहून विचारपूस करू नये. ती फोनवर करावी. पैसे फोनवरून घ्यावेत किंवा हिशेब लिहून ठेवावा. जेवणाचे डबे देत असाल तर ते परत घेण्याची घाई करू नये; त्यांनी ते साबणाने धुऊन आपल्याकडेच ठेवावेत आणि विलगीकरण संपल्यावर एकदम परत द्यावेत. तोपर्यंत डबे कमी पडत असतील तर इमारतीतल्या इतर घरांकडून मागून घ्यावेत.

सांजपाऊल, डोंबिवली | २२ एप्रिल २०२१

आभारी आहे. स्टूल ठेवले आहे आणि दुकानदाराने दुपारनंतर सामान खाली आणून देण्याचे मान्य केले आहे. तळमजल्यावरच्या काकूंनी चार डबे दिले आहेत.